हिप हॉप संगीत : आरंभकाळ

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातील आफ्रिकी-अमेरिकी व कॅरिबियन वंशाच्या तरुणांनी घडवलेल्या नृत्यसंगीताचा पहिला टप्पा; साधारणपणे १९७३ ते १९७९. रॅप हे या संगीताचे आज सर्वपरिचित अंग. आरंभी मात्र मान तबकड्या वाजवणाऱ्या डीजेचा होता, शब्द साथीला.

जन्मतारीख म्हणून ११ ऑगस्ट १९७३ रूढ झाली आहे. त्या दिवशी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल हिने शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत म्हणून पार्टी ठेवली (प्रवेशमूल्य मुलींना २५ सेंट, मुलांना ५०). तबकड्या तिचा भाऊ क्लाइव्ह ऊर्फ कूल हर्क याने वाजवल्या. एखादा संगीतप्रकार एका रात्रीत जन्मतो असे मानणे धाडसाचेच. ही तारीख सोयीची खूण समजावी.

फंक (ठसकेबाज ठेक्याचे आफ्रिकी-अमेरिकी नृत्यसंगीत) गाण्यात गायन थांबून ड्रम-बोंगोच उरतात, तो तुकडा म्हणजे ‘ब्रेक’. नाचणारे त्याचीच वाट पाहतात हे हर्कने हेरले आणि तो एका ब्रेकवरून थेट दुसऱ्या ब्रेकवर जाऊ लागला. इनक्रेडिबल बोंगो बँडचे ‘अपाची’ (१९७३) त्याच्या खास आवडीचे. पण सुई अंदाजाने टेकवल्यामुळे ठेका मोडे. ही उणीव ग्रँडमास्टर फ्लॅश (जोसेफ सॅडलर) याने दूर केली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो त्यांवर मेणखडूने खुणा करी. एक वाजत असताना दुसरी मोजून तेवढेच वेढे उलटी फिरवी आणि नेमकी समेवर सोडी. काही सेकंदांचे आवर्तन हवे तितका वेळ चाले. तबकडी हाताखाली सहज सरकावी म्हणून तिच्याखाली खळ देऊन कडक केलेली फेल्टची चकती असे. तबकडी घासून आवाज काढण्याच्या ‘स्क्रॅच’चे श्रेय सामान्यतः ग्रँड विझर्ड थिओडोरला देतात, त्याचे वर्ष १९७५ ते १९७७ यांदरम्यान सांगितले जाते.

रॅपचे मूळ वादग्रस्त आहे. हर्क जमैकाच्या किंग्स्टनचा, १९६७ मध्ये अमेरिकेत आला. त्यामुळे जमैकातील ध्वनिक्षेपक-ताफे आणि त्यांवरील ‘टोस्टिंग’ (वाजत्या संगीतावर लयीत बोलणे) हे रॅपचे मूळ, असे एक मत आहे. खुद्द हर्कने हा संबंध एका मुलाखतीत नाकारला. ब्राँक्सच्या श्रोत्यांना रेगे हे जमैकाचे संगीत रुचत नसे, असे त्याचे म्हणणे. दुसरे मत रेडिओ निवेदकांच्या यमकबद्ध बोलण्याकडे आणि डीजे हॉलिवूडसारख्या हार्लेमच्या डिस्को कलावंतांकडे बोट दाखवते. प्रचंड स्पीकरांची हौस जमैकाची आणि बोलण्याची लकब स्थानिक, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

पहिल्या वर्षांचे संगीत कॅसेटवरच फिरले. १९७९ मध्ये शुगरहिल गँगची ‘रॅपर्स डिलाइट’ गाजली. फॅटबॅक बँडची रॅप असलेली तबकडी थोडी आधीची. ‘रॅपर्स डिलाइट’मधील काही ओळी ब्राँक्सचा रॅपर ग्रँडमास्टर कॅझ याच्या होत्या, श्रेय त्याला मिळाले नाही. त्यासाठी शिक या डिस्को बँडच्या ‘गुड टाइम्स’चा ठेका स्टुडिओतील वादकांनी नव्याने वाजवला होता, डीजे त्यात नव्हताच. तबकड्यांची करामत स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झाली ती १९८१ मध्ये, फ्लॅशने तीन टर्नटेबलांवर (तबकडी फिरवणाऱ्या यंत्रांवर) वाजवलेल्या सुमारे सात मिनिटांच्या तुकड्यात.