कॉपीराइट आणि पेटंट: विद्यापीठातल्या कामाला नेमकं काय लागू पडतं?

एखाद्या मोठ्या विद्यापीठात वर्षभरात काय काय तयार होतं, याची यादी करायला बसलं तर ती लवकर संपत नाही. शोधनिबंध, पीएचडीचे प्रबंध, नव्या रेणूंच्या कृती, उपकरणं, मोजमापांचे तक्ते, सॉफ्टवेअर, नकाशे, अनुवाद, कविता, नाटकांच्या संहिता, संगीतरचना, शिल्पं, इमारतींचे आराखडे. हे सगळं डोक्यातून आलेलं, त्यामुळे त्यावरच्या हक्कांची गोष्ट निघाली की कॉपीराइट आणि पेटंट हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कुणी प्रबंधाचं पेटंट घ्यायला निघतं, कुणी आपल्या यंत्रावर कॉपीराइट असल्याचं सांगतं.

थोडी माहिती असलेले लोक यावर एक सोपा नियम सांगतात: विज्ञानाला पेटंट, कलेला कॉपीराइट. हा नियम चुकीचा आहे. त्याचा फटका बहुतेक वेळा तरुण संशोधकाला बसतो आणि तोही हातात काही उरलेलं नसताना, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

खरी विभागणी अशी. कॉपीराइट मिळतो तो मांडणीला: वाक्यं, सूर, रेषा, रंग, संगणकाच्या आज्ञावलीच्या ओळी, म्हणजे विचाराला दिलेलं ठरावीक रूप. पेटंट मिळतं ते युक्तीला: एखादी गोष्ट कशी बनवायची, कशी चालवायची, याच्या नव्या उत्तराला. समजा, एका रसायनशास्त्रज्ञाने नवा उत्प्रेरक तयार केला आणि त्यावर शोधनिबंध लिहिला. निबंधातले परिच्छेद आणि आकृत्या कॉपीराइटखाली येतात. त्या उचलून स्वतःच्या नावावर छापता येत नाहीत. पण निबंध वाचून कुणी तो उत्प्रेरक बनवायला आणि विकायला लागलं, तर कॉपीराइट त्याला अडवू शकत नाही. तिथे पेटंटच लागतं. म्हणजे विज्ञानाच्या कामाचा मोठा भाग मुळात कॉपीराइटच्याच घरातला आहे.

उलट बाजूचं उदाहरण मला फार आवडतं, कारण ते एका संगीतकाराचं आहे. जॉन चाउनिंग स्टॅनफर्ड विद्यापीठात संगीतरचना करायचे. १९६७ मध्ये ते तिथल्या संगणकावर सुराला कंप देऊन पाहत होते. गायकाच्या आवाजातला कंप साधारण सेकंदाला सहा वेळा होतो. चाउनिंग यांनी तो वेग वाढवत नेला आणि एका टप्प्यानंतर कंप ऐकू येणं थांबलं. त्याच्या जागी सुराचा पोतच बदलला. झालं होतं असं: सेकंदाला ४०० कंपनांचा एक साधा सूर घ्या आणि त्याची कंपनसंख्या सेकंदाला १०० वेळा वर-खाली हलवा. मग ४०० च्या दोन्ही बाजूंना ३०० आणि ५००, २०० आणि ६०० असे नवे स्वर उमटतात. हे सगळे १०० च्या पटीतले, म्हणून कानाला ते एकजीव वाटतात. हलवण्याचा वेग १०० ऐवजी १४१ केला, तर २५९, ५४१, ११८, ६८२ असे एकमेकांशी न जुळणारे स्वर येतात आणि घंटेसारखा नाद मिळतो. हलवण्याची खोली सूर चालू असतानाच वाढवली-कमी केली की पितळी वाद्याचा उजळत जाणारा आवाज निघतो. त्याआधी असा भरदार आवाज संगणकावर काढायचा तर प्रत्येक स्वर वेगळा तयार करून त्यांची बेरीज करावी लागे. तेव्हाच्या संगणकांना ते फार जड जायचं. इथे दोन साध्या लहरींत काम झालं.

आता या एकाच माणसाच्या कामाकडे हक्कांच्या नजरेने पाहा. हे तंत्र वापरून त्यांनी रचलेल्या संगीतावर कॉपीराइट. १९७३ मध्ये त्यांनी या तंत्रावर लिहिलेल्या शोधनिबंधाच्या मजकुरावरही कॉपीराइट. आणि आवाज तयार करण्याच्या पद्धतीवर पेटंट, जे १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या नावे मंजूर झालं. यामाहा कंपनीने त्याचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये त्या तंत्रावर चालणारा डीएक्स-७ हा कीबोर्ड बाजारात आणला. त्यानंतरच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत तो आवाज आहे. ज्यांनी ती गाणी केली त्यांनी चाउनिंग यांच्या रचनेतला एकही सूर घेतलेला नव्हता. त्यांच्या हाती होती ती फक्त पद्धत, आणि पद्धत सांभाळायचं काम पेटंटचं.

दोन्ही हक्क मिळण्याची वाटही अगदी निराळी आहे, आणि विद्यापीठातली खरी अडचण इथेच सुरू होते.

कॉपीराइट मागावा लागत नाही. १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात १९०८ च्या सुधारणेने आलेलं तत्त्व असं, की रचना झाली की हक्क आपोआप लागू होतो, अर्जाची अट नाही. आज १८० हून अधिक देश या करारात आहेत, त्यामुळे एका देशात लिहिलेल्या कवितेला बाकीच्या सदस्य देशांतही संरक्षण मिळतं. काही देशांत नोंदणी कोर्टात जाताना उपयोगी पडते, पण हक्क तिच्यातून जन्मत नाही. काम प्रसिद्ध केल्याने कॉपीराइट कमी होत नाही, हेही लक्षात ठेवा.

पेटंट मात्र मागावं लागतं, तेही देशोदेशी वेगवेगळं, आणि मुख्य म्हणजे वेळेत. युक्ती नवी हवी, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारी नको, आणि व्यवहारात उपयोगी हवी, अशी तिहेरी कसोटी असते. यातल्या ‘नवी’ या अटीचा अर्थ कडक आहे: अर्जाच्या तारखेआधी ती जगात कुठेही जाहीर झालेली नसावी. खुद्द संशोधकाने जाहीर केली असली तरीही. संशोधकाच्या पेशात मात्र प्रतिष्ठा मिळते ती जाहीर करण्याला. परिषदेत बोला, पोस्टर लावा, लवकर छापा, अशीच सगळ्यांची शिकवण. त्यात गैर काहीच नाही. पण याच सवयीने पेटंटचा दरवाजा बंद होतो, आणि हे अनेकांना दरवाजा बंद झाल्यावर कळतं.

स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. एक स्टॅनफर्डमध्ये, दुसरे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या केंद्रात. डीएनएचे तुकडे जोडून ते जिवाणूत वाढवण्याची पद्धत त्यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये छापली. पेटंटचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता. पुढे स्टॅनफर्डच्या परवाना विभागाने वर्तमानपत्रातली बातमी वाचून विषय काढला. अमेरिकेत स्वतःच्या प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत मिळते. ती संपायला जेमतेम काही दिवस उरले असताना, ४ नोव्हेंबर १९७४ रोजी अर्ज दाखल झाला. अमेरिकेतलं पेटंट १९८० मध्ये मिळालं आणि १९९७ पर्यंत चाललं. त्यातून दोन्ही विद्यापीठांना मिळून सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळाले. पण अमेरिकेबाहेर काहीच मिळालं नाही, कारण तिथे ती पद्धत छापून झालेली होती. एमआयटीतल्या आरएसए या सांकेतिक लिपीच्या पद्धतीचंही तसंच झालं: १९७७ च्या ऑगस्टमध्ये एका मासिकात तिची ओळख छापली गेली, अर्ज डिसेंबरमध्ये गेला, आणि पेटंट अमेरिकेपुरतंच राहिलं.

‘छापणं’ म्हणजे नामवंत नियतकालिकात येणं, एवढाच अर्थ घेऊ नका. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने १९८६ मध्ये ठरवलं, की जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात सूचीत नोंदवलेली प्रबंधाची एकच प्रत हीसुद्धा प्रसिद्धीच आहे. त्याच न्यायालयाने २००४ मध्ये पोस्टरबद्दलही तसाच निकाल दिला. ते पोस्टर एका परिषदेत सुमारे अडीच दिवस आणि नंतर एका विद्यापीठाच्या केंद्रात दिवसभराहूनही कमी वेळ लावलेलं होतं. त्याच्या प्रती वाटलेल्या नव्हत्या, ते ग्रंथालयात ठेवलेलं नव्हतं. पण पाहणाऱ्यांना ते सहज उतरवून घेता येण्यासारखं होतं आणि तसं करू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढं पुरेसं ठरलं. युरोपात तर वर्षभराची ती सवलतही जवळपास नाहीच.

आणखी एक फरक प्रयोगशाळेत रोज जाणवणारा. दोन कवींनी एकमेकांना न ओळखता सारखी ओळ लिहिली, तर कुणाचाच गुन्हा नाही. कॉपीराइट फक्त नक्कल करणाऱ्याला पकडतो. दोन प्रयोगशाळांना एकच युक्ती स्वतंत्रपणे सुचली, तर पेटंट एकालाच मिळतं, आणि आता जवळपास सगळीकडे ते आधी अर्ज करणाऱ्याला मिळतं. दुसऱ्याने प्रामाणिकपणे स्वतःच शोधलं, हा त्याचा बचाव होत नाही. मला हे कठोर वाटतं. पण नियम तसा आहे, आणि प्रयोगवहीत तारखा घालण्याइतकंच अर्जाच्या तारखेलाही महत्त्व द्यावं लागतं.

नावांच्या बाबतीतही गोंधळ होतो. शोधनिबंधावर किती नावं घालायची हे बरंचसं त्या क्षेत्राच्या प्रथेवर चालतं. प्रयोग करणारा, आकडे तपासणारा, मार्गदर्शक, सगळे सहलेखक होऊ शकतात. पेटंटवर मात्र दाव्यात मांडलेली कल्पना ज्याच्या डोक्यातून आली, त्याचंच नाव येतं, मग प्रत्यक्ष प्रयोगासाठी रात्री जागलेला कुणी दुसरा असला तरी. कोहेन-बॉयर यांच्या १९७३ च्या निबंधावर चार नावं होती, पेटंटवर दोन. अशा वेळी मनं दुखावतात आणि मला ते समजतं. म्हणून हे बोलणं कामाच्या सुरुवातीला व्हायला हवं, अर्ज लिहिताना नव्हे.

मुदतीचं थोडक्यात सांगते. पेटंट अर्जापासून साधारण २० वर्षं, तेही फी भरत राहिलं तर. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं, बऱ्याच देशांत ७०.

सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही हक्क एकाच वस्तूत भेटतात. लिहिलेल्या ओळींवर कॉपीराइट. त्यामागच्या पद्धतीवर, देशाचा कायदा मान्य करत असेल तर, पेटंट. वेबपानांचा क्रम लावण्याची पेजरँक पद्धत लॅरी पेज यांनी विद्यार्थी असताना शोधली. तिचं पेटंट स्टॅनफर्डकडे होतं, आणि गूगलला दिलेल्या परवान्याच्या बदल्यात विद्यापीठाला १८ लाख शेअर मिळाले. ते पुढे ३३.६ कोटी डॉलरना विकले गेले. दुसऱ्या टोकाला बर्कलीचं बीएसडी, म्हणजे तिथे तयार झालेली ऑपरेटिंग सिस्टीम. तिथल्या आज्ञावलीवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कॉपीराइटची ओळ आहे, आणि तिच्याच खाली कुणीही वापरा, बदला, वाटा, फक्त ही ओळ काढू नका, अशा अर्थाचा परवाना आहे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे हक्क सोडून दिलेलं सॉफ्टवेअर, असं अनेकांना वाटतं. खरं तर ती अट पाळायला लावायची ताकद कॉपीराइटमधूनच येते.

पेटंटचाही असा उपयोग होतो. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी १९२३ मध्ये प्रत्येकी १ डॉलर घेऊन टोरंटो विद्यापीठाला दिले. दुसऱ्या कुणी मक्तेदारी करू नये आणि औषधाचा दर्जा विद्यापीठाच्या नजरेखाली राहावा, हा हेतू. पेटंट घेणं म्हणजे पैशाच्या मागे लागणं, असं मानून जे संशोधक या विषयाकडे पाठ फिरवतात, त्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

मोजमापं, निसर्गनियम, गणिताची प्रमेयं मात्र दोन्हींच्या बाहेर आहेत. तक्त्याच्या मांडणीवर हक्क असू शकतो, त्यातल्या तापमानावर नाही. कित्येक विभागांतलं सर्वांत मोलाचं काम याच प्रकारचं असतं, आणि त्याचं श्रेय मिळतं ते संदर्भ देण्याच्या प्रामाणिक प्रथेतून. कायदा तिथे मदतीला येत नाही.

मालकी कुणाची, हे करारावर ठरतं. प्रबंधाच्या मजकुराचा कॉपीराइट बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याचा राहतो, निबंधाचा अनेकदा प्रकाशकाच्या फॉर्मवर सही करताना निघून जातो, आणि नोकरीत असताना लागलेल्या शोधाचं पेटंट सहसा विद्यापीठाकडे जातं. ‘सहसा’ म्हणायचं कारण २०११ चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला स्टॅनफर्ड विरुद्ध रोश (औषध कंपनी) हा खटला. संशोधकाने विद्यापीठाला ‘पुढे हक्क देईन’ असं लिहून दिलं होतं, आणि ज्या कंपनीत तो तंत्र शिकायला गेला तिथल्या कागदावर ‘याद्वारे हक्क देत आहे’ असं. दुसरा कागद भारी पडला. संशोधनाला सरकारी पैसा आहे म्हणून शोध आपोआप विद्यापीठाचा होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून जाताना समोर आलेला कागद आपल्या विद्यापीठाच्या पेटंट विभागाला आधी दाखवा.

आणि कामात नवी युक्ती आहे असं वाटत असेल, तर परिषदेचा सारांश, पोस्टर, प्रीप्रिंट (नियतकालिकात येण्याआधीच ऑनलाइन टाकलेला निबंध) किंवा प्रबंध बाहेर जाण्याआधी त्याच विभागात जा. बऱ्याच देशांत प्राथमिक अर्ज करता येतो आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. अनेक विद्यापीठं प्रबंध ठरावीक काळ बंद ठेवण्याची परवानगीही देतात. अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवायला हरकत नसते.