मुंबईचे मैदानी क्रिकेट

मुंबईचे मैदानी क्रिकेट : मुंबईतील सार्वजनिक मैदानांवर शाळा, क्लब आणि कंपन्यांच्या संघांतून वाढलेली क्रिकेटची परंपरा. देशांतर्गत रणजी करंडक स्पर्धा सर्वाधिक वेळा, म्हणजे 2023-24 अखेर 42 वेळा, जिंकणारा मुंबईचा संघ याच मैदानांनी घडवला. अकादमी हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीपासून बाहेरगावची मुले किटबॅग घेऊन या शहरात येत आली आहेत.

सुरुवात पारशी समाजाने केली. 1848 मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब निघाला आणि 1886 मध्ये पारशांचा संघ इंग्लंडला जाऊन आला. पुढे युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांत 1907 साली हिंदू आणि 1912 साली मुस्लिम संघ आले, 1937 मध्ये इतरांचा पाचवा संघ आला. धर्मावर बेतलेली ही स्पर्धा 1946 मध्ये बंद पडली आणि ते योग्यच झाले. पण या स्पर्धेने शहराला क्रिकेट बघायला शिकवले आणि पालवणकर बाळू यांच्यासारखा गोलंदाज पुढे आणला. पुण्यात खेळत असताना या दलित गोलंदाजाला चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास सांगताना हे वगळून चालणार नाही.

मैदाने मोजकीच आहेत : दक्षिणेकडे आझाद, क्रॉस आणि ओव्हल, दादरला शिवाजी पार्क, माटुंग्याला दडकर. एकट्या आझाद मैदानात 22 खेळपट्ट्या आहेत. एका सामन्यात पॉइंटला असलेला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या स्क्वेअर लेगच्या क्षेत्ररक्षकाला पाठ लावून उभा असतो. कुठल्या सामन्याचा चेंडू कधी अंगावर येईल याचा नेम नाही, म्हणून इथे वाढलेल्या पोराचे कान आणि डोळे कायम उघडे. गर्दीचा आणखी एक परिणाम होतो. नेटमध्ये वीस मुले रांगेत असतात, वाट्याला मोजके चेंडू येतात. सामन्यात बाद झाले की पुढची संधी आठवड्याने. त्यामुळे विकेट फेकणे हा इथे मोठाच गुन्हा ठरतो.

याच वृत्तीला मुंबईकर ‘खडूस’ म्हणतात. एरवी हा शब्द कुणाला लावला तर तो रागावेल, मैदानावर मात्र ती पदवी आहे. खडूस फलंदाज शंभर झाल्यावर पुन्हा गार्ड घेतो, जणू डाव आत्ताच सुरू झाला आहे. खडूस गोलंदाज सामना हातात आला तरी सैल चेंडू टाकत नाही. 1958-59 ते 1972-73 अशी सलग 15 वर्षे रणजी करंडक मुंबईकडे राहिला, त्यामागे हीच चिकाटी होती. पंधराव्या वर्षीचा अंतिम सामना चेन्नईत, फिरकीला पोषक खेळपट्टीवर झाला. पद्माकर शिवलकर यांनी 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले, तमिळनाडूचे डाव 80 आणि 61 धावांत संपले. प्रथम श्रेणीत 589 बळी घेणाऱ्या शिवलकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. मैदानावरच्या लोकांना ती गोष्ट आजही बोचते.

पावसाळ्यात देशभर क्रिकेट थांबते, मुंबईत कांगा लीग सुरू होते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाची ही स्पर्धा 1948 पासून खेळली जाते. खेळपट्टी उघडी आणि ओली, बाहेर गुडघाभर गवत. जमिनीवरून मारलेला फटका त्या गवतात अडतो, चेंडू कधी उसळतो तर कधी घोट्याखाली राहतो. अशा ठिकाणी काढलेल्या तीस धावा जाणकार शतकाच्या तोलाच्या मानतात. सचिन तेंडुलकर या लीगमध्ये पहिल्यांदा खेळला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

शालेय क्रिकेट हा या परंपरेचा पाया. हॅरिस शिल्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे, धाकट्या मुलांसाठी गाइल्स शिल्ड आहे. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली, ती हॅरिस शिल्डमध्येच.

प्रशिक्षकाला या शहराची ओढ का वाटावी? इथे शिकवण्यासाठी सामने आयते मिळतात. रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर हेच करत. शिष्याला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत आणि सामन्यामागून सामना खेळवत. दिवस कलताना स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. बाद करील त्याला नाणे, कुणीच बाद करू शकले नाही तर ते फलंदाजाचे. तेंडुलकरने अशी 13 नाणी जपून ठेवली आहेत. आचरेकरांना 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दादर युनियन क्लबचे वासू परांजपे यांची रीत वेगळी, ते गप्पांतून शिकवत. सुनील गावसकर यांना ‘सनी’ हे नाव त्यांनीच दिले.

पूर्वी खेळाडूंना नोकरीचाही आधार होता. बँका, टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल यांचे संघ कंपन्यांच्या टाइम्स शिल्ड स्पर्धेत भिडत आणि क्लबकडून खेळणाऱ्या पोराच्या घरी महिन्याचा पगार येई. हे संघ पुढे रोडावले. ही हानी मोठी आहे आणि आयपीएलच्या पैशाने ती भरून निघालेली नाही, कारण तो पैसा मोजक्यांनाच मिळतो.

खेळाडूंचा पत्ताही बदलला. दादर-माटुंग्याची जागा बोरिवली, विरार, पालघरने घेतली. शार्दूल ठाकूर पालघरहून लोकलने ये-जा करत घडला. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला यशस्वी जयस्वाल आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला.

इथे शिकलेले आता बाहेर जाऊन शिकवतात. आचरेकरांचे शिष्य चंद्रकांत पंडित यांनी विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला आणि 2022 मध्ये मध्य प्रदेशाला, तोही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. 664 च्या भागीदारीच्या वेळी अमोल मुझुमदार पॅड बांधून पुढच्या क्रमांकाची वाट पाहत बसले होते. भारताकडून खेळण्याची त्यांची पाळी कधीच आली नाही. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते.