मासेखाऊ पक्ष्यांचे परवान्याखालील नियंत्रण

मासेमारीसाठी राखलेल्या तलावातले मासे फस्त करणाऱ्या पक्ष्यांना हुसकावणे, अडवणे आणि क्वचित शासनाच्या लेखी परवानगीने पकडणे किंवा मारणे, या सगळ्याला मिळून हे नाव आहे. परवाना हा यातला शेवटचा आणि सर्वांत लहान भाग. मुंबईत तर तो बहुतांशी कागदावरच राहतो. शहरातल्या तलावांवर जे काही साधते ते मत्स्यबीजाचा आकार, ते सोडण्याची वेळ आणि पक्ष्यांच्या बसायच्या जागा यांवर साधते.

मुंबईच्या गोड्या पाण्यावर मुख्य हिस्सेदार छोटा पाणकावळा. लांबी सुमारे ५० सेंमी, वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. तो उथळ पाण्यात बुड्या मारतो आणि बोटभर लांबीचे मासे उचलतो. मोठा पाणकावळा दोन ते तीन किलोंचा असतो. रोज साधारण अर्धा किलो मासे खातो आणि पावकिलोचा कटलाही गिळू शकतो, मात्र शहरात तो कमी आणि मुख्यतः हिवाळ्यात दिसतो. सापासारख्या मानेचा तिरंदाज मासा चोचीने भोसकतो. रातबगळा दिवे लागल्यावर कामाला लागतो, म्हणून दिवसाच्या मोजणीत तो सापडत नाही आणि त्याचे खाते पाणकावळ्याच्या नावावर जमा होते. वंचक हा छोटा बगळा काठाच्या वीतभर पाण्यात उभा राहतो. खंड्या पिल्लेच नेतो. ब्राह्मणी घारीवर उगाच आळ येतो. ती पृष्ठभागावरचे मेलेले, अर्धमेले मासे उचलते, त्यामुळे एखाद्या पहाटे तलावावर घारींची गर्दी झाली तर पक्ष्यांकडे नव्हे, पाण्यातल्या प्राणवायूकडे पाहावे.

नुकसान दोन प्रकारचे असते. एक, खाल्लेला मासा. दुसरे, निसटलेला पण जखमी मासा. मोठ्या पाणकावळ्याच्या वरच्या चोचीला आकडा असतो. त्याची खूण माशाच्या एका कुशीवर खोल ओरखड्याच्या आणि दुसऱ्या कुशीवर खरवडलेल्या खवल्यांच्या रूपाने दिसते. तिरंदाजाची जखम म्हणजे सरळ भोक. अशा जखमांवर कापसासारखी बुरशी चढते आणि मासा आठवड्या-दोन आठवड्यांत मरतो. पवई तलावात मगरी आहेत, त्यामुळे तिथे अर्धवट तोडलेला मासा पक्ष्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. गळ टाकणाऱ्यांना आणखी एक त्रास जाणवतो. पाणकावळ्यांचा थवा पाण्यात उतरला की रोहू, मृगळ खोल पाण्यात किंवा झाडोऱ्यात दडी मारतात आणि आमिषाला तोंड लावत नाहीत. मासे संपले असे वाटते, पण ते असतात.

म्हणून आधी मोजणी. उजाडण्याच्या अर्धा तास आधीपासून दोन तास, मग सूर्यास्ताच्या सुमारास एकदा, निदान चार आठवडे, ठरलेल्या जागेवरून. पाण्यावर नुसते बसलेले आणि बुड्या मारणारे पक्षी वेगळे लिहावेत. तारेवर पंख पसरून वाळत बसलेला पाणकावळा त्या क्षणी काही खात नसतो. उदाहरणादाखल ४० छोटे पाणकावळे, रोज प्रत्येकी ८० ग्रॅम, ९० दिवस असा हिशोब धरला तर २८८ किलो होतात. आकडा मोठा दिसतो, पण त्यात सोडलेले बीज किती हे रातथाऱ्याखालच्या, म्हणजे पक्षी रात्री बसतात त्या झाडाखालच्या, गोळ्यांवरून कळते. पाणकावळा हाडे, खवले एका चिकट गोळीत ओकून टाकतो. ती पाण्यात भिजवून गाळली की कार्प जातीच्या माशांचे घशातले दात आणि तिलापियाचे काटे वेगळे करता येतात. शहरी तलावांत तिलापिया अमाप वाढतो. पक्षी तोच खात असतील तर ते तलाव ठेक्याने घेतलेल्याचे नुकसान नसून फुकटची साफसफाई आहे.

पक्षी आणि बीज यांची गाठ पावसाळ्यात पडते. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, जुलै ते सप्टेंबरमध्ये तलावात सोडली जाते आणि नेमक्या याच महिन्यांत पाणकावळे व रातबगळे पिल्ले वाढवत असतात. २०–२५ मिमीचे बारीक बीज सोडले तर ते खंड्यापासून सगळ्यांचे. १०० मिमीच्या पुढची बोटुकली छोट्या पाणकावळ्याला जड जाऊ लागते, आणि संगोपन तळ्यात, म्हणजे बीज वाढवायच्या लहान तळ्यात, वर्षभर वाढवून १०० ग्रॅमच्या पुढे नेलेले मासे त्याच्या आवाक्याबाहेर जातात. बीज महाग पडते, संख्या कमी येते, पण जगते. सोडण्याची वेळ अंधार पडल्यानंतरची. पिशव्या २०–३० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे आणि एकाच घाटावर सगळे न ओतता चार-पाच ठिकाणी विभागून सोडावे. सकाळी नऊला फोटो काढत एका धक्क्यावरून बीज सोडण्याची पद्धत सर्वत्र दिसते. प्रवासाने गुंगलेले मासे तासभर काठाशी घोटाळतात आणि थवा तिथेच जेवतो. गढूळ, चढत्या पाण्यात सोडलेल्या बीजाला त्या मानाने आडोसा मिळतो.

बसायच्या जागा काढणे हा सर्वांत स्वस्त उपाय. पाणकावळ्याची पिसे भिजतात, त्यामुळे त्याला वाळायला खांब, बुडालेल्या झाडाचे खोड किंवा जुन्या जाळ्याचे बांबू लागतात. बीज सोडायच्या कोपऱ्यातले असे खुंट काढले की थवा तिथे कमी रेंगाळतो. काठावरचे झाड मात्र तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार छाटणीलाही पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडावर घरटी असतील तर वन्यजीव कायदाही आड येतो.

माशांना लपायला पिंजरे करता येतात. दोन मीटर लांब-रुंद आणि दीड मीटर उंच बांबूचा सांगाडा, भोवती जाड पीळदार दोऱ्याची जाळी, आत बाभळीच्या किंवा बोरीच्या फांद्या, तळाला दगड. युरोपात अशा आसऱ्यांना १० सेंमी डोळ्याची जाळी लावतात. आपला छोटा पाणकावळा सडपातळ असल्याने ५ ते ६ सेंमीच्या वर जाऊ नये, नाहीतर तो आत शिरतो आणि अडकून मरतो. पिंजरे दोन-तीन मीटर खोलीवर, गळाच्या जागांपासून दूर ठेवावेत. फांद्या वर्ष-दीड वर्षात कुजतात. त्या बदलल्या नाहीत तर पिंजरा रिकामा खोका होतो. जलपर्णी नैसर्गिक आडोसा देते हे खरे, पण तिच्या गालिच्याखाली प्राणवायू खालावतो, म्हणून ती राखून ठेवणे हा उपाय नव्हे.

संगोपन तळी लहान असल्याने त्यांवर जाळे ताणता येते. जाळे पाण्यापासून मीटरभर वर, घट्ट आणि ठळक रंगाचे असावे. सैल, पारदर्शक नायलॉनच्या जाळ्यात पक्षी लटकतात आणि मग ते कायद्याच्या भाषेत सापळा ठरते. मोठ्या तलावावर जाळे शक्य नाही. आवाजाचे उपाय मुंबईत लंगडे पडतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ फटाके वाजवता येत नाहीत, आणि पक्षी येतात ते सहाच्या आधी. चकचकीत पट्ट्या, बुजगावणी, रेकॉर्ड केलेली ओरड यांना पाणकावळे काही दिवसांत सरावतात. जागा आणि वेळ सतत बदलली तर थोडे अधिक टिकतात. होडीतून फिरणारा माणूस मात्र त्यांना कायम नकोसा असतो. बीज सोडल्यानंतरचे पंधरा दिवस पहाटे होडी फिरवणे हा मुंबईपुरता सर्वांत भरवशाचा उपाय. ड्रोन आणि हिरवा लेझर यांचा विचार पवईसारख्या विमानतळापासून काही किलोमीटरवरच्या तलावावर करूच नये. ड्रोनला हवाई हद्दीचे निर्बंध आहेत, लेझरने वैमानिकाचे डोळे दिपतात, आणि एका वेळी उठवलेला थवा कोणत्या दिशेला जाईल ते आपल्या हातात नसते.

आता परवाना. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ने अनुसूचीतल्या, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्यांतल्या, प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. पाणकावळे, बगळे पूर्वी चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर ते दुसऱ्या अनुसूचीत आले. शिकारीच्या व्याख्येत मारणे, विष घालणे, पकडणे, सापळा लावणे यांबरोबर पक्ष्यांची अंडी फोडणे आणि घरट्यांना उपद्रव देणेही येते. ‘हाकणे’ हा शब्दही तिथे आहे, त्यामुळे रातथाऱ्यावर किंवा विणीच्या झाडाजवळ हुसकावणी करण्याआधी वनाधिकाऱ्यांना लेखी विचारून घ्यावे. कलम ११ खाली दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी, कारणे लेखी नोंदवून, शिकारीची परवानगी देऊ शकतो. उभ्या पिकाचा उल्लेख कलमात स्पष्ट आहे. तलावातल्या माशांचा नाही. म्हणून अर्जदाराने ठेक्याचा करार, बीजखरेदीच्या पावत्या, मोजणीचे तक्ते, जखमी माशांचे फोटो आणि आधी केलेल्या उपायांची तारीखवार नोंद जोडावी. हे शेवटचे नसेल तर अर्ज तिथेच अडतो. विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. तिथे वन्यजीव कायद्याचे राष्ट्रीय उद्यानांसाठीचे कलम ३५ लागू होते आणि मासेमारीचे नुकसान हा मुद्दाच उरत नाही. प्रश्न उरतो तो १८९१च्या पवईसारख्या उद्यानाबाहेरच्या तलावांचा आणि ठाणे जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेल्या तळ्यांचा. पवईचा काठ उंच इमारतींनी वेढलेला आहे. अशा जागी बंदूक चालवण्याची परवानगी मागणे व्यवहार्य नाही.

परवान्याची पद्धत खऱ्या अर्थाने राबते ती इंग्लंडमध्ये. १९८१च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड अॅक्टखाली नॅचरल इंग्लंड ही संस्था मोठा पाणकावळा आणि गूसँडर हे मासेखाऊ बदक यांच्यासाठी मत्स्यतलावांना परवाने देते. किती पक्षी, कोणत्या काळात, कोणी मारायचे हे परवान्यात लिहिलेले असते आणि मुदत संपल्यावर मारलेल्या पक्ष्यांचा हिशोब द्यावा लागतो. २००४ मध्ये धोरण सैल झाले तेव्हा पाणकावळ्यांसाठी देशभराची वार्षिक कमाल मर्यादा पहिली दोन वर्षे ३,००० आणि नंतर २,००० अशी ठेवली. तिथेही मारण्याचा उद्देश संख्या घटवणे हा नसून हुसकावणीला धार आणणे हा असतो: थव्यातला एखादा पडला की बाकीचे आवाजाला पुन्हा घाबरू लागतात. रिकामी झालेली जागा नवे पक्षी भरतात, हे तिथल्या तलावचालकांनाही ठाऊक आहे.

परवान्याने मारलेला पक्षी भारतात सरकारी मालमत्ता असतो. तो पुरता किंवा फेकता येत नाही, वनखात्याच्या ताब्यात द्यावा लागतो. आपोआप मेलेले पाणकावळे वा बगळे एकाच वेळी अनेक सापडले तर हात न लावता वनखाते आणि पशुसंवर्धन विभाग या दोघांना कळवावे, कारण बर्ड फ्लूची तपासणी नमुना ताजा असेपर्यंतच होते. त्या दिवशी तलावावरचे गळ आणि जाळी बंद ठेवावीत.