सात मंडळ्या, एकच गुंडाळी : प्रकटीकरणातल्या पत्रांची पार्श्वभूमी

नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायांत, सात मंडळ्यांना, म्हणजे सात गावांतल्या ख्रिस्ती समुदायांना, लिहिलेली सात पत्रे आहेत. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया, सगळी रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातली, आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली शहरे. बायबल अभ्यासात ती बहुधा सुटी सुटी घेतात, आठवड्याला एक. मूळ मांडणी मात्र तशी नव्हती. पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पत्र करिंथला गेले, फिलिप्पैकरांचे फिलिप्पैला. ही सात पत्रे स्वतंत्रपणे पाठवल्याचा काहीच पुरावा नाही. उलट ‘जे दिसते ते एका गुंडाळीत लिहून सातही मंडळ्यांकडे पाठव’ असा हुकूम पहिल्याच अध्यायात आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी आत्मा ‘मंडळ्यांस’ काय म्हणतो ते ऐका असे अनेकवचन येते. सार्दीसच्या मंडळीला ‘जिवंत म्हणून तुझे नाव आहे, पण तू मेलेली आहेस’ असे सुनावले, ते इफिसपासून लावदिकीयापर्यंत सगळ्यांच्या कानावर पडले. वाचन मोठ्याने व्हायचे. पुस्तकाच्या आरंभी आशीर्वाद आहे तोही वाचणाऱ्या एकाला आणि ऐकणाऱ्या अनेकांना.

एकत्र ऐकले की पत्रे एकमेकांशी बोलू लागतात. इफिसकरांनी पहिली प्रीती सोडली, तर थुवतीराची शेवटची कामे पहिल्यांपेक्षा जास्त आहेत. स्मुर्णा गरीब, तरी धनवान. लावदिकीया स्वतःला धनवान म्हणवते आणि तिला दरिद्री, आंधळी, उघडी म्हटले आहे. दोषाचा शब्द नाही अशा मंडळ्या दोनच, स्मुर्णा आणि फिलदेल्फिया. कौतुकाचा शब्द नाही अशी एकच, लावदिकीया. एकेक पत्र सुटे घेतले की हा ताळेबंद दिसत नाही.

खरे तर यांना पत्र म्हणणेही थोडे सैल आहे. त्या काळच्या पत्रात असायचे तसे लिहिणाऱ्याचे नाव, नमस्कार, खुशाली यांत काही नाही. सुरुवात होते ती ‘जो अमुक आहे तो असे म्हणतो’ अशी. ही धाटणी जुन्या करारातल्या संदेष्ट्यांची, आणि सम्राटांच्या फर्मानांचीही. डेव्हिड ऑन या अमेरिकन अभ्यासकाने ही पत्रे फर्मानांच्या शेजारी ठेवून वाचली, आणि ते पटण्यासारखे आहे. रोमच्या सम्राटाची फर्माने ज्या शहरांत दगडावर कोरून लावली जात, तिथेच दुसऱ्या राजाचे, म्हणजे ख्रिस्ताचे, फर्मान वाचले जात होते. संदेष्ट्यांच्या बाजूने जवळचा नमुना आमोसचा. तो आधी दिमिष्क, गज्जा, सोर अशा शेजाऱ्यांचा समाचार घेतो, श्रोते माना डोलावत असतात, आणि मग तो यहूदा आणि इस्राएलकडे वळतो.

लिहिणारा स्वतःला नुसते योहान म्हणवतो. तो पात्म बेटावर होता, देवाच्या वचनामुळे. इफिसच्या नैर्ऋत्येला एजियन समुद्रातले हे लहानसे खडकाळ बेट. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने हा योहान म्हणजे येशूचा शिष्य, प्रेषित योहानच, असे सांगितले. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने योहानाच्या शुभवर्तमानाची ग्रीक भाषा आणि या पुस्तकाची ओबडधोबड ग्रीक शेजारी ठेवली आणि हा योहान वेगळा असा निष्कर्ष काढला. ती चर्चा अजून चालू आहे. काळाबद्दल दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस याची साक्ष जास्त मानली जाते, ती म्हणजे सम्राट डोमिशियनच्या राज्याच्या अखेरीस, इ.स. ९५ च्या आसपास. काही जण नीरोपर्यंत मागे जातात.

डोमिशियनने साम्राज्यभर ख्रिस्ती लोकांची कत्तल चालवली होती, हे चित्र जुन्या पुस्तकांत हमखास असते. रोमन साधनांत त्याला आधार तुटपुंजा आहे, आणि पत्रांत नाव घेऊन सांगितलेला मृत्यू एकच, पर्गमच्या अंतिपाचा. नेमकी कल्पना हवी तर शेजारच्या बिथुनिया प्रांतातून तिथला रोमन राज्यपाल प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला केलेला पत्रव्यवहार वाचावा. कोणी तक्रार केली तर चौकशी होई. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहिला, ख्रिस्ताला शिव्याशाप दिले की सुटका. नकार दिला तर मृत्युदंड. शोधून काढायची गरज नाही, असे ट्राजनचे उत्तर. धोका सैन्याकडून कमी आणि शेजाऱ्याकडून जास्त.

हीच सात शहरे का? आशिया प्रांतात ख्रिस्ती मंडळ्या आणखीही होत्या. कलस्सै, हियरापलि, त्रोवस ही नावे नव्या करारातच येतात. विल्यम रॅम्झे हा स्कॉटिश विद्वान आशिया मायनरचे रस्ते आणि शिलालेख धुंडाळत वर्षानुवर्षे फिरला. १९०४ साली त्याने मांडले की ही शहरे एका फेरीच्या रस्त्यावर आहेत आणि ज्या क्रमाने पत्रे येतात त्याच क्रमाने निरोप्याला लागतात. बेटावरून इफिस बंदर, किनाऱ्याने उत्तरेला स्मुर्णा आणि पर्गम, तिथून आग्नेयेला वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, आणि शेवटी लायकस खोऱ्यात लावदिकीया. सरकारी डाक खाजगी माणसाला मिळत नसे, त्यामुळे कोणीतरी पायी किंवा जनावरावर ही फेरी करणार. या सात ठिकाणांहून नकला आसपासच्या गावांत जात, हा रॅम्झेचा पुढचा तर्क. क्रमाची गोष्ट नकाशावर बोट फिरवून तपासता येते. नकलांची व्यवस्था हा तर्कच.

रॅम्झेने आणखी एक केले. प्रत्येक पत्रातल्या प्रतिमा त्या त्या शहराच्या इतिहासाशी जोडल्या. १९८६ मध्ये कॉलिन हेमर या अभ्यासकाने ते काम अधिक काटेकोरपणे पुन्हा केले. आज व्यासपीठावरून या सात पत्रांवर जे स्थानिक तपशील ऐकू येतात ते बहुतेक याच दोघांच्या हातून आलेले. त्यातले काही पक्के आहेत, काही ताणलेले.

पक्के म्हणजे सम्राटपूजेचे. प्रांतातले पहिले असे देऊळ, रोमा देवी आणि ऑगस्टस यांचे, इ.स.पू. २९ मध्ये पर्गमला मंजूर झाले. इ.स. २६ मध्ये तिबेरियसच्या देवळासाठी अकरा शहरांनी रोममध्ये अर्ज केले आणि मान स्मुर्णाला मिळाला. रोमन इतिहासकार टॅसिटसने ती चढाओढ लिहून ठेवली आहे. मग इ.स. ८९-९० मध्ये इफिसला डोमिशियनच्या घराण्याचे देऊळ उभे राहिले. प्रांतातल्या इतर शहरांनी तिथे पुतळे आणि शिलालेख अर्पण केले. डोमिशियनचा ९६ मध्ये खून झाला आणि त्याची आठवण पुसण्याचा ठराव झाला, तेव्हा त्या शिलालेखांवरून त्याचे नाव छिन्नीने खरवडले गेले आणि त्या जागी बापाचे, व्हेस्पेशियनचे, नाव घातले गेले. खरवडलेली जागा दगडात आजही खोलगट दिसते. आधीच्या अक्षरांपेक्षा ती नवी ओळ बरेच काही सांगते. पर्गमला ‘सैतानाचे आसन’ कशाला म्हटले यावर मात्र मतभेद आहेत. कोणी सम्राटाचे देऊळ म्हणतो, कोणी झ्यूसची भव्य वेदी, जी १८७८ पासूनच्या जर्मन उत्खननात निघाली आणि बर्लिनला गेली, तर कोणी वैद्यदेव अस्क्लेपियस आणि त्याचा साप.

थुवतीराचे पत्र सगळ्यांत लांब आणि शहर सातांत फिके. आजचे तुर्कस्तानातले अखिसार. इथे किल्ला नाही, गाजलेले देऊळ नाही. इथे निघाले ते कारागिरांच्या संघांचे शिलालेख: लोकरवाले, तागाचे कापडवाले, रंगारी, चर्मकार, कुंभार, भटारी, तांबट, गुलामांचे व्यापारीसुद्धा. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथे जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया भेटते, ती याच गावची. संघात असणे म्हणजे काम मिळणे, आणि संघाचे जेवण म्हणजे संघाच्या देवाला आधी नैवेद्य. तेच मांस पुढे ताटात. रंगाऱ्याने जेवणाला जाऊ नये तर त्याने धंदा कसा करावा? मंडळीतली एक स्त्री, जिला पत्रात अहाबाच्या राणीवरून ईजबेल म्हटले आहे, जायला हरकत नाही असे शिकवत होती. तिचे म्हणणे आपल्यापर्यंत फक्त तिच्या विरोधकाच्या तोंडून आले आहे, हे ध्यानात ठेवावे. पौलानेही करिंथकरांना मूर्ती काहीच नाही असे मान्य केले होते, दुर्बळ भावाला अडखळण होऊ नये एवढ्यासाठी आवर घातला होता. योहान तेवढा मोकळा नाही. तो बाकीच्यांना ‘तुमच्यावर दुसरा भार घालत नाही’ असे म्हणतो, तेव्हा यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना पाठवलेल्या पत्राचा सूर ऐकू येतो. तिथेही निषिद्ध गोष्टींत मूर्तीचा नैवेद्य आणि जारकर्म आहेत. इफिस आणि पर्गमच्या पत्रांत निकलाइत नावाच्या गटाला दोष दिला आहे, तोही याच भांडणातला दिसतो.

स्मुर्णा आणि फिलदेल्फियाच्या पत्रांत ‘सैतानाचे सभास्थान’ असे शब्द आहेत, आणि पुढच्या शतकांत त्यांचा वापर यहुदी लोकांविरुद्ध झाला. लिहिणारा स्वतः यहुदी होता, आणि स्वतःला यहुदी म्हणवणारे कोण खरे हा वाद घरातला होता. सम्राटाला बळी वाहण्यापासून यहुद्यांना सवलत होती, ख्रिस्ती लोकांना नव्हती. त्या फरकाला किती धार होती ते यातून कळते.

सार्दीसची कथा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितली आहे. लिडियाचा राजा क्रोइसस याची ही राजधानी, डोंगराच्या उभ्या कड्यावरचा गड. वेढ्यात एका सैनिकाचे शिरस्त्राण खाली पडले, तो कड्यावरून उतरून ते घेऊन वर आला, आणि ती वाट शत्रूने हेरली. इ.स.पू. ५४६ च्या सुमारास इराणचा राजा कोरेश (सायरस) याची माणसे तिथूनच वर चढली. तीनशेहून अधिक वर्षांनी सेल्युसिड राजा तिसरा अँटायोकस याच्या काळात गड पुन्हा अशाच पहारा नसलेल्या बाजूने पडला. ‘जागी हो, नाहीतर मी चोरासारखा येईन’ हे तिथे ऐकताना कोणाला ते आठवले नसेल असे वाटत नाही. फिलदेल्फियाला इ.स. १७ च्या भूकंपानंतर धक्के थांबेनात. बरेच लोक गावाबाहेर राहत होते असे ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो. त्यांना वचन मिळते ते स्तंभ होण्याचे आणि पुन्हा कधी बाहेर न जाण्याचे.

ताणलेले उदाहरण म्हणजे नेमके सगळ्यांत लाडके, लावदिकीयाचे कोमट पाणी. पैसा खरा होता. इ.स.पू. ५१ मध्ये रोमन मुत्सद्दी सिसेरोने इथे हुंड्या वटवल्या. इ.स. ६० च्या भूकंपानंतर शहर रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर उभे राहिले, हे टॅसिटस सांगतो. काळ्या लोकरीची ख्याती स्ट्रेबोची. या तिन्हींची सावली पत्रात दिसते. पाण्याचे असे सांगतात की हियरापलिचे गरम, कलस्सैचे थंड, आणि नळातून येताना लावदिकीयाचे कोमट व्हायचे. दगडी नळ आणि त्यांत साचलेला चुन्याचा थर आजही पाहता येतो. पण चुना म्हणजे पाणी जड होते, कोमट होते असे नाही. क्रेग कोस्टर या अभ्यासकांनी दाखवले की शहराचे पाणी वाईट होते अशी प्राचीन साक्ष नाही, आणि गरम-थंड ही भाषा मेजवानीतल्या पेयांची असू शकते. रुचेल ते गरम नाहीतर थंड, कोमट कोणाला नको. अर्थ यात फारसा हलत नाही, पण व्यासपीठावरचा भूगोल हलतो.

सुमारे इ.स. ११० मध्ये अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस कैदी म्हणून पहाऱ्यात रोमकडे जाताना याच प्रदेशातून गेला आणि इफिस, स्मुर्णा, फिलदेल्फिया यांना त्यानेही पत्रे लिहिली. इफिसकरांनी खोट्या शिक्षकांना कान दिला नाही याचे त्यानेही कौतुक केले. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस व्हिक्टोरिनस या भाष्यकाराने सात म्हणजे सगळी मंडळी असा अर्थ लावला. पूर्वेकडे मात्र हे पुस्तक बराच काळ संशयात राहिले. चौथ्या शतकात लावदिकीयाला भरलेल्या परिषदेच्या नावावर शास्त्रग्रंथांची जी यादी आहे तिच्यात प्रकटीकरणच नाही. यादी मागाहून जोडलेली असावी असे काहींना वाटते, तरी योगायोग मजेशीर आहे.

युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळात सात पत्रे म्हणजे मंडळीच्या इतिहासाची सात युगे असे वाचन फोफावले. इंग्लंडच्या थॉमस ब्राइटमनने, ज्याचे पुस्तक १६०९ मध्ये निघाले, सार्दीस म्हणजे जर्मनी, फिलदेल्फिया म्हणजे जिनिव्हा-स्कॉटलंड आणि लावदिकीया म्हणजे स्वतःच्याच देशाची चर्च ठरवली. १९०९ च्या स्कोफील्ड बायबलमधल्या टिपांनी युगांची कल्पना घरोघर नेली.

दुसरे वाचन शहरांच्या नशिबाचे. इंग्रज इतिहासकार गिबनने १७८८ मध्ये लिहिले की इफिसची समई विझली, सार्दीसचे खेडे झाले, पण फिलदेल्फिया टिकली. ते शहर खरोखरच १३९० पर्यंत तुर्कांना दबले नव्हते. एकोणिसाव्या शतकातले प्रवासी आणि मिशनरी हाच हिशेब पुढे नेत: ज्या दोन मंडळ्यांना दोष लावला नव्हता, तिथेच ख्रिस्ती वस्ती शिल्लक आहे, पाहा. मग सप्टेंबर १९२२ मध्ये स्मुर्णा (आजचे इझ्मिर) जळले, १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीत उरलेसुरले ग्रीक ख्रिस्ती ग्रीसला गेले, आणि फिलदेल्फियाचे, म्हणजे आलाशेहिरचे, तेच झाले. हिशेब कोसळला. पत्रात मात्र स्मुर्णाला शहर टिकेल असे वचन कुठेच दिलेले नाही. तुमच्यातल्या काहींना तुरुंगात टाकतील असे तिथे बजावले आहे, आणि मरणापर्यंत विश्वासू राहायला सांगितले आहे.