मँचेस्टरच्या भिंतीला चुना मानवेना

परवा एका कॅलेंडरवर अजिंठ्याच्या पद्मपाणीखाली ‘फ्रेस्को’ असं छापलेलं पाहिलं आणि नेहमीप्रमाणे डोकं फिरलं. अजिंठ्याची चित्रं फ्रेस्को नाहीत. मातीत भाताचं तूस आणि तंतू मळून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर सरस-डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती पद्धत. खरा फ्रेस्को ओल्या चुन्यावरच होतो. ‘ओलं काय नि कोरडं काय, भिंतीवर चित्र आहे ना!’ असं म्हणणाऱ्यांसाठी मी मँचेस्टरचा टाउन हॉल राखून ठेवलाय.

ही नगरपालिकेची इमारत १८७७मध्ये उघडली. वास्तुरचनाकार आल्फ्रेड वॉटरहाउस. शैली गॉथिक, जागा तिकोनी, घड्याळाचा मनोरा सुमारे ८५ मीटर उंच. उद्घाटनाला यायला व्हिक्टोरिया राणीने नकार दिला, मग महापौर एबल हेवूड यांनीच ते उरकलं आणि मनोऱ्यातल्या मोठ्या घंटेला त्यांचंच नाव मिळालं. जमिनीवरच्या मोझेइकमध्ये कामकरी मधमाश्या आहेत, कापसाची फुलं आहेत. शहराचं पोट कशावर चालतं ते पायाखालीच लिहून ठेवलंय. प्रवेशाशी देवदेवतांऐवजी अणुसिद्धान्तवाला डाल्टन आणि ऊर्जेचं गणित मांडणारा जूल या शास्त्रज्ञांचे पुतळे. ज्या शहराच्या दारात अणू आणि ऊर्जा राखणीला बसलेत, ते मला आवडणारच.

पण गिरण्यांच्या शहराची हवाही गिरण्यांचीच. कोळशाच्या धुरातून पडणाऱ्या पावसाचा अभ्यास रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने याच मँचेस्टरात केला आणि १८७२च्या पुस्तकात त्याला ‘आम्ल पाऊस’ हे नाव दिलं. वॉटरहाउसला हे वेगळं सांगायची गरज नव्हती. आतल्या सुमारे १ कोटी ४० लाख विटांवर त्याने ब्रॅडफर्डजवळचा स्पिंकवेल नावाचा कठीण वालुकाश्म चढवला. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः सिलिका, वाळूचंच द्रव्य, आणि ती पावसातल्या आम्लाला भीक घालत नाही. दगड काळा पडला, पण विरघळला नाही.

बाहेरची बाजू निभावली. आत मोठ्या दालनात मात्र शहराच्या इतिहासाची बारा भित्तिचित्रं हवी होती.

इथे मला आजोबांची चुन्याची डबी आठवते. झाकण उघडं राहिलं की दुसऱ्या दिवशी वर पांढरी खपली. तशीच महिनोन् महिने पडली तर चुन्याचा खडा होई, आणि मग कितीही पाणी घाला, त्याचं पुन्हा लोणी होत नसे. आजोबा चिडायचे, पण डबीत चालला होता तो फ्रेस्कोच. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडीचा दगड. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारल्यावर ती दुधाळ होते, तीच ही अभिक्रिया. चित्रकार ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतो. आतलं चुन्याचं पाणी वर झिरपतं, रंगाच्या कणांभोवती दगडाचे स्फटिक धरतात आणि कण त्यात कैद होतात. चिकटवायला डिंक नको, तेल नको. म्हणूनच चित्रकार एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपतो. उद्याच्या भिंतीला आज चुना लावून उपयोग नाही.

आता या दगडाला मँचेस्टरची हवा लावा. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, दमट हवेत त्याचं सल्फ्युरिक आम्ल. ते कॅल्शियम कार्बोनेटवर बसलं की तयार होतं जिप्सम, आपल्या फळ्यावरच्या खडूतलं. शंभर ग्रॅम कार्बोनेटमागे १७२ ग्रॅम जिप्सम, कारण सल्फेट कार्बोनेटपेक्षा जड, शिवाय जिप्समचा प्रत्येक रेणू पाण्याचे दोन रेणू पोटात घेऊन बसतो. त्यात जिप्समची घनता कमी (२.३, कार्बोनेटची २.७), म्हणजे आकारमान दुप्पट. तेवढ्याच जागेत दुप्पट माल कोंबल्यावर थर फुगतो, उचलला जातो, पोपडे सुटतात. वर जिप्सम पाण्यात विरघळतं लिटरला दोन-अडीच ग्रॅम, तर कार्बोनेट ग्रॅमच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाइतकं. भिंतीला दव सुटलं की रंगाचा तुरुंगच वाहून जातो. लंडनच्या संसद भवनात १८४०-५०च्या दशकांत हौसेने फ्रेस्को करवून घेतले, ते पाहता पाहता असेच बिघडले. इटलीतलं तंत्र जसंच्या तसं उचललं, पण इटलीची हवा कुठून आणणार?

मँचेस्टरने उपाय घेतला टॉमस गँबियर पॅरी या ग्लॉस्टरशरच्या जमीनदाराकडून. गडी हौशी चित्रकार, प्रयोग केले ते चर्चच्या भिंतींवर. त्याची युक्ती अशी: मधमाश्यांचं मेण, एलेमी आणि कोपल या राळा, टर्पेंटाइन आणि स्पाइक लॅव्हेंडरचं तेल यांचं मिश्रण करायचं, ते पातळ करून कोरड्या गिलाव्याला पोटभर पाजायचं, त्यावर पांढरा हात द्यायचा आणि रंगही त्याच मिश्रणात घोटायचे. कुंचला टेकला की रंगातलं तेल खालची राळ किंचित विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. मेण आणि राळ आम्लाला दाद देत नाहीत. दिसायला फ्रेस्कोसारखंच मंद, बिनचकाकीचं, पण चुन्याची भूमिका शून्य. आणि तरी याला ‘स्पिरिट फ्रेस्को’ म्हणतात! नावांचा घोळ फक्त आपल्याकडेच नाही. ‘प्राचीनांच्या रंगांचं हरवलेलं गूढ’ वगैरे व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी हेही पाहावं की गुपित बहुतेकदा रंगात नसतं, रंगाला धरून ठेवणाऱ्या द्रव्यात असतं.

फोर्ड मॅडॉक्स ब्राउन हा चित्रकार टाउन हॉलची ही बारा चित्रं १८७९पासून १८९३पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, रंगवत होता. शेवटची काही त्याने भिंत सोडून कॅनव्हासवर तैलरंगात केली. एका चित्रात खगोलनिरीक्षक विल्यम क्रॅबट्री १६३९चं शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्राचा ठिपका, पाहतोय, छातीवर हात, तोंडाचा आ. ब्राउनने त्याला म्हातारा केलंय, खरा क्रॅबट्री जेमतेम तिशीचा होता. दुसऱ्यात डाल्टन डबक्यातला दलदलीचा वायू (मुख्यतः मिथेन) बाटलीत भरतोय आणि पोरं बघतायत. याच वायूच्या जाळाला आपल्याकडे आग्या वेताळ म्हणत आणि गावं रात्री दारं लावून घेत. इथे तो बाटलीत, बूच लावायच्या तयारीत.

घरात कुणाची जुनी चुन्याची डबी असेल तर तळाचा खडा काढून त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसून जो वायू बाहेर येतो, तो आजोबांच्या वेळच्या हवेतला असतो.