नियंत्रण गट

प्रयोगात ज्या घटकाचा परिणाम तपासायचा, तो ज्यांना दिला जात नाही, पण बाकी सर्व बाबतींत जे प्रायोगिक गटासारखेच (म्हणजे तो घटक दिलेल्यांसारखेच) असतात, अशांचा गट. औषध घेऊन रोगी बरा झाला, एवढ्यावरून औषधाला गुण आहे असे ठरत नाही. औषधाविना तो बरा झालाच नसता हे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर नियंत्रण गटाकडून मिळते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजी वैद्याने स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या १२ खलाशांच्या जोड्या पाडल्या, रोजचे जेवण सर्वांना सारखे ठेवले आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली; बाकीच्या जोड्या तिच्यासाठी तुलनेचा गट ठरल्या.

आखणीतला बारकावा जंतुशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांच्या प्लेग लशीच्या चाचण्यांत चांगला दिसतो. जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघे आजारी पडले, पण दगावले कुणी नाही. तुरुंग एक, अन्न एक, तरीही या तुलनेत एक फट उरते. लस घ्यायला आपणहून पुढे येणारे कैदी मुळातच अधिक धडधाकट असू शकतात.

१८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात ही फट बऱ्याच अंशी बुजवली गेली. प्रत्येक कुटुंबातील निम्मे पुरुष, निम्म्या स्त्रिया व निम्मी मुले यांना लस टोचली. एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे खाणारे दोन्ही गटांत आले, त्यामुळे घराची अस्वच्छता किंवा उंदरांचा वावर ही कारणे पुढे करायला जागा राहिली नाही. प्लेग शिरलेल्या घरांत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडून ३ मरण पावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ मेले. कुणाला लस मिळाली हे ठाऊक असल्याने आजाराचे निदान एका बाजूला झुकू शकते. मृत्यूच्या आकड्यांना मात्र तो आक्षेप फारसा लागू होत नाही. माझ्या मते या चाचणीचे खरे बळ तिथेच आहे.

विभागणी माणसाच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक करावी, हे तत्त्व संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगांतून पुढे पक्के केले. वय, प्रकृती यांसारखे माहीत असलेले फरक जुळवून घेता येतात. माहीत नसलेले फरक दोन्ही गटांत सारखे विखुरण्याची शक्यता यादृच्छिक निवडीनेच वाढते.

उंडेऱ्यातील त्या २६ मृत्यूंमुळे नैतिक प्रश्नही उभा राहतो. आज सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती लागते, आणि गंभीर आजारावर सिद्ध झालेला उपचार उपलब्ध असेल तर सहसा नियंत्रण गटालाही तो द्यावा लागतो. नव्या औषधाची तुलना मग त्या उपचाराशी होते.