मशीद बंदरची मशीद कुणाची? मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मराठीची पार्श्वभूमी

सँडहर्स्ट रोड सोडलं की गाडीत उद्घोषणा होते, ‘पुढील स्टेशन, मशीद.’ गाडीतले निम्मे लोक तोवर दाराशी आलेले असतात. कुणाला सुका मेवा घ्यायचा असतो, कुणाला पॅकिंगचं सामान, कुणाला लग्नासाठी घाऊक मसाला. ही मशीद नेमकी कोणती, हा प्रश्न त्या गर्दीत कुणाला पडत नाही. पडला, तर आजूबाजूच्या दहा मशिदींपैकी एखादीकडे बोट दाखवून माणूस मोकळा होतो.

जुने बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून आलेले मराठी बोलणारे ज्यू, मात्र वेगळं सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही मशीद म्हणजे सॅम्युएल स्ट्रीटवरचं ज्यूंचं प्रार्थनामंदिर. नाव ‘शाआर हारहामिम’, म्हणजे दयेचं द्वार. घरच्या बोलीत ते तिला ‘जुनी मशीद’ म्हणत. सिनेगॉग हा शब्द त्यांच्या तोंडी फार उशिरा आला. नंतर जवळच दुसरं प्रार्थनामंदिर झालं, ती ‘नवी मशीद’. स्टेशनचं नाव त्यावरूनच आलं असं मानणारे बरेच आहेत, आणि मलाही ते पटतं. पण स्टेशनच्या नावापेक्षा मला ‘मशीद’ हा शब्द जास्त बोलका वाटतो. ज्यू माणूस आपल्या देवघराला मशीद म्हणतो आणि म्हणतो मराठीत.

ही जुनी मशीद 1796 मध्ये बांधली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी. समाजात ते सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. कंपनी सरकारच्या फौजेत ते होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. सुटका कशी झाली याची एक कथा बेने इस्रायली घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कैद्यांनी आपण ‘बेने इस्रायल’ असल्याचं सांगितलं. हे नाव कुराणात येतं हे टिपूच्या आईच्या लक्षात आलं आणि तिने त्यांच्यासाठी रदबदली केली. कथेचा शब्द न् शब्द खरा धरायची गरज नाही. सुटून आलेल्या माणसाने प्रार्थनामंदिर बांधलं आणि त्याला दयेचं नाव दिलं, एवढं पक्कं आहे. 1860 मध्ये ते आजच्या जागी आलं. रस्त्याला मिळालेलं सॅम्युएल हे नाव याच दिवेकरांचं.

मराठी मुंबई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरगाव येतं, मग दादर, मग परळ-लालबाग. पश्चिमेच्या चाळी, मधल्या गिरण्या. पूर्वेचा गोदीकडचा पट्टा, म्हणजे मांडवी, डोंगरी, उमरखाडी, माझगाव, आपण ‘त्यांचा’ म्हणून सोडून दिला आहे. हा हिशेब चुकीचा आहे. मराठी तिथे होती आणि आहे. फक्त ती ज्यांच्या तोंडी होती, त्यांना मराठी माणसांत धरायचं आपल्याला सुचलं नाही.

वस्ती कशी वसली ते नावांतच दिसतं. मांडवी म्हणजे जकातीचं नाकं. उमरखाडी ही खरोखरची खाडी होती. पायधुणीला भरतीचं पाणी येई, शहरात शिरणारा तिथे पाय धुई, असं सांगतात. इंग्रजांनी किल्ल्यात स्वतःची सोय पाहिली, व्यापाऱ्यांनाही आत जागा दिली. 17 फेब्रुवारी 1803 ला किल्ल्यात मोठी आग लागली. त्यानंतर दाटीने राहणाऱ्या लोकांना बाहेर काढायचं धोरण जोरात आलं आणि मैदानापलीकडे ‘नेटिव्ह टाऊन’ फुगत गेलं. कोळी तर आधीपासून होतेच. दिवेकरांची मशीद आगीच्या सात वर्षं आधीची, म्हणजे कोकणातून आलेले लोकही तोवर तिथे स्थिरावले होते. बंदर समोर होतं. रेवदंडा, अलिबाग, धरमतरहून येणारी गलबतं याच किनाऱ्याला लागत. कोकणातला माणूस जिथे उतरला, तिथेच राहिला.

बेने इस्रायलींचा कोकणाशी संबंध त्यांच्या आडनावांत आहे. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावचे नवगावकर. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा. गावात त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं ‘शनवार तेली’. गावगाड्यात सामावून घेण्याची ही अस्सल मराठी रीत. धर्म कोणता याची चौकशी न करता फक्त कामाचा आणि सुट्टीचा वार पाहून जात ठरवून टाकायची. मुंबईत घाणा सुटला आणि फौज, कचेरी, सुतारकाम आलं. भाषा सुटली नाही. 1874 मध्ये पुण्यात ज्यूंच्या पेसाह सणाची हग्गादा, म्हणजे सणाला वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत सणाची बेखमीर भाकर करणाऱ्या बायका लुगडी नेसून बसल्या आहेत. 1880च्या सुमारास याच समाजात कीर्तनं सुरू झाली. आख्यान अब्राहामाचं किंवा योसेफाचं आणि चाली ओव्या-साक्यांच्या. हरदास उभा, मागे झांजा. माझगावचं सर एली कदूरी हायस्कूल हेही मूळ बेने इस्रायलींचंच. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने ती शाळा निघाली, आणि तिथेही शिकणं मराठीत होतं.

शेजारच्या जामा मशिदीचा इतिहासही कोकणाशीच बांधलेला आहे. 1802 मध्ये ती पुरी झाली ती मुख्यतः कोकणी मुसलमानांच्या बळावर. हे लोक नाखवे, दर्यावर्दी आणि जहाजांचे मालक. जवळच्या नाखुदा मोहल्ल्याचं नाव त्यांच्याच धंद्यावरून. त्यांच्या घरात रत्नागिरी-रायगडची बोली चाले. नंतर कच्छी, मेमन, बोहरी, खोजे आले, बाजाराची भाषा गुजराती आणि हिंदुस्थानी झाली, आणि कोकणी मुसलमानांची मराठी घरापुरती उरली.

याच मांडवीत कोळीवाडा होता. महाराष्ट्राला ठाऊक असलेला एक प्रसंग तिथेच घडला, पण जागा कुणाच्या लक्षात नसते. 11 मे 1888 ला मांडवी कोळीवाड्याच्या सभागृहात जोतीराव फुले यांचा सत्कार झाला आणि विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. आज ‘महात्मा फुले’ म्हणताना पुणे आठवतं. पदवी मात्र मुंबईच्या कोळ्यांच्या वस्तीतली. मुंबईत सत्यशोधक समाजाला उभं करणाऱ्यांत तेलुगू माणसंही होती. व्यंकू बाळाजी कालेवार आणि जाया कराडी लिंगू यांची नावं फुल्यांच्या चरित्रात भेटतात. ही कामाठी मंडळी निजामाच्या मुलखातून आलेली, आणि त्यांचा धंदा बांधकामाचा. वरळीची खिंड हॉर्नबी वेलार्ड या बांधाने 1784च्या सुमारास बुजल्यावर जी सखल, दलदलीची जमीन कोरडी झाली, तिच्यावर त्यांनी घरं बांधली. तेच कामाठीपुरा. त्या नावाचा दुसरा अर्थ पुढे इतका चिकटला की शहर बांधणाऱ्यांची ही वस्ती होती हे सांगितलं तरी लोकांना पटत नाही.

उत्तरेला माझगाव. तिथे माथारपाखाडी नावाची आळी आहे. लाकडी जिने, कौलं, पुढे व्हरांडे आणि मध्ये खुरीस, म्हणजे क्रूस. इथले ईस्ट इंडियन म्हणजे पोर्तुगीज अमलात बाटलेले मूळचे कोळी, भंडारी, आगरी, कुणबी. नाव इंग्रजी आणि माणसं इथली, असा हा घोटाळा कसा झाला? गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे दिसावं, म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी हे नाव घेतलं. कंपनीचं नाव लावलं की सरकारदरबारी वजन वाढेल, हाही हिशेब होता. पण लग्नाच्या आदल्या दिवशी जो विधी होतो तो ‘उंबराचं पाणी’, आणि त्यावेळची गाणी मराठी. 1864 मध्ये याच माथारपाखाडीत जोसेफ बॅप्टिस्टा जन्मले. लोकमान्यांचे जवळचे सहकारी, 1916च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, 1925 मध्ये मुंबईचे महापौर, आणि सगळ्यांचे ‘काका’. काका म्हणायला भाषा लागते, ती त्या आळीत होती.

सगळेच मराठीशी जोडलेले नव्हते, हेही खरं. इमामवाड्यावर इराण्यांनी 1860 मध्ये बांधलेली मोगल मशीद आहे. निळ्या फरशांची आणि घुमटाविना. तिथला कानावर पडणारा शब्द फारसीच. माझगावच्या नवाब टँक भागात चिन्यांचं लहानसं ‘सी यूप कून’ देऊळ आहे, 1919चं. जहाजांवरचे चिनी इथे थांबले. 1962च्या युद्धानंतर संशयाने आणि धरपकडीने त्यांची वस्ती जवळजवळ विरून गेली.

या पट्ट्याचं रूप बदललं ते आधी रोगाने. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण सापडले. धान्याची गोदामं, त्यातले उंदीर, दाटीची घरं, सगळं जुळून आलं. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि हवा खेळावी म्हणून जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले. मोहल्ल्यांचे दोन-दोन तुकडे झाले. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि मांडवीच्या किती इमारती आगीत गेल्या. तरी गोदी आणि बाजार उभे राहिले, कारण पाठीवर गोणी घेणारे हात सातारा-सांगलीकडून येतच होते. गावचा एक गाळा, त्यात पाळीपाळीने झोपणारी तीस-चाळीस माणसं. या माथाड्यांना अण्णासाहेब पाटलांनी एकत्र केलं आणि 1969चा माथाडी कायदा झाला. पुढे घाऊक बाजार वाशीला नेले तसे माथाडीही तिकडे गेले.

ज्यू त्याआधीच निघाले होते. 1948 नंतर बेने इस्रायली कुटुंबांनी एकामागून एक इस्रायलची वाट धरली. भारतात आज ते काही हजारच उरले आहेत. जुन्या मशिदीत सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे म्हणजे धावपळ होते. इस्रायलमध्ये गेलेल्यांनी तिकडे मराठी नियतकालिक काढलं. त्याचं नाव ‘मायबोली’.